आंतरराष्ट्रीय शाळेत तंत्रज्ञान प्रमुख होताना : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळेत ‘हेड ऑफ टेक्नॉलॉजी’ म्हणून येणारी माणसं साधारण दोन वाटांनी येतात. काही जण कॉम्प्युटर सायन्स शिकवता शिकवता पुढे सरकतात, काही जण अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली आयटी सोडून शाळेत येतात. पहिल्यांना नेटवर्कचे स्विच (केबल जोडण्याच्या पेट्या) आणि फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) नवीन असतात, दुसऱ्यांना शाळा. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत.

कारखान्यातली आयटी आणि शाळेतली आयटी यांत एवढा काय फरक?

कारखान्यात वापरणारा माणूस सज्ञान असतो आणि त्याने करारावर सही केलेली असते. इथे तुमचे बहुतेक वापरकर्ते १८ वर्षांखालचे आहेत, त्यामुळे पासवर्डपासून कॅमेऱ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला बालसुरक्षेची बाजू येते. दुसरा फरक घंटेचा. तास ४० मिनिटांचा असतो. वर्गातलं डिजिटल पॅनल सुरू व्हायला पाच मिनिटं गेली तर तासाचा आठवा हिस्सा गेला, आणि तो भरून काढायला दुसरी शिफ्ट नसते.

तिसरा फरक हुद्द्याचा. तुम्ही थेट मुख्याध्यापकांना रिपोर्ट करता की अ‍ॅडमिन मॅनेजरना, हे नेमणूक पत्रात बघून घ्या. अ‍ॅडमिनखाली बसलात तर तुमचे दिवस टोनर आणि प्रोजेक्टरच्या दिव्यांत जातील आणि अभ्यासक्रमाच्या बैठकीचं निमंत्रण कधी येणार नाही.

रुजू होण्याआधी मुलाखतीत काय विचारावं?

चार गोष्टी. आयबी शाळांचं मूल्यमापन दर पाच वर्षांनी होतं. पुढचं कधी आहे? फायरवॉलचं आणि एलएमएसचं (ऑनलाइन धडे आणि गृहपाठ चालवणाऱ्या प्रणालीचं) लायसन्स कोणत्या महिन्यात संपतं? चालू वर्षाच्या बजेटमधले किती पैसे खर्च झाले? आणि आधीचा माणूस अजून शाळेत आहे का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरच्याने विषय बदलला, तर पुढचे दोन प्रश्न जास्त लक्ष देऊन वाचा.

पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं?

चाव्या गोळा करायच्या. बाकी काही नाही. नवीन अ‍ॅप, नवीन धोरण, नवीन डॅशबोर्ड यांतलं काहीही पहिल्या सत्रात आणू नका. ज्या घराच्या चाव्या आपल्याकडे नाहीत त्याचा रंग बदलायला जाऊ नये.

सुरुवात डोमेनपासून करा. शाळेचं डोमेन (वेबसाइट आणि मेलचा पत्ता) कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे आहे, कोणाच्या ई-मेलवर आहे आणि मुदत कधी संपते ते पाहा. शेवट डॉट एज्यु डॉट इन असेल तर नोंदणी अर्नेट इंडियाकडे असते आणि तिथला कागदोपत्री संपर्क कोण आहे हे तपासावं लागतं. मग गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चे सुपर अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेले) किती आहेत ते मोजा. दोन किंवा तीन असावेत. एकच असेल तर तो आजारी पडला की शाळा अडकते. नऊ असतील तर त्यांतले सहा जण नोकरी सोडून गेलेले निघतात. एक जादा अ‍ॅडमिन खातं रोजच्या वापराबाहेर ठेवा, त्याचा पासवर्ड कागदावर लिहून सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवा आणि पाकिटावर तारीख घाला.

त्यानंतर फायरवॉल, वाय-फाय कंट्रोलर, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र), बायोमेट्रिक हजेरी, ईआरपी (फी आणि नोंदींचं सॉफ्टवेअर), एलएमएस, एसएमएसचं खातं, वेबसाइटचं होस्टिंग आणि शाळेची सोशल मीडिया पेजेस. प्रत्येक ठिकाणी स्वतः लॉगिन करून पाहा. ‘पासवर्ड आहे आमच्याकडे’ या उत्तरावर विसंबू नका. डायरीतला पासवर्ड दोन वर्षांपूर्वीचा असतो.

सर्व्हर रूमची खरी किल्लीही यातच आली. ती बहुधा वॉचमनकाकांकडे, स्टोअरमध्ये आणि आधीच्या व्हेंडरच्या माणसाकडे अशी तीन ठिकाणी असते. कुलूप बदला, दोनच किल्ल्या ठेवा, शेजारी एक रजिस्टर टांगा.

डोमेन जुन्या व्हेंडरच्या किंवा सोडून गेलेल्या माणसाच्या खासगी ई-मेलवर आहे. आता काय?

हे जितकं वाटतं त्याहून जास्त ठिकाणी असतं. आधी गोडीत मागा. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या आणि सोबत डोमेनच्या बिलाची प्रत जोडा. डोमेन दुसऱ्या खात्यात हलवायचं की नुसतं मालकाचं नाव आणि ई-मेल बदलायचा, हे वेगळं ठरवा; दुसरं काम कमी जोखमीचं असतं. काहीही बदलण्याआधी सध्याच्या सगळ्या डीएनएस नोंदी (वेबसाइट आणि मेल कुठल्या सर्व्हरकडे जातात ते सांगणाऱ्या) स्क्रीनशॉटसह उतरवून ठेवा. डोमेन हललं आणि एमएक्सची (मेलची) नोंद राहिली, तर दोन हजार पालकांचे मेल हवेत जातात. ऐन प्रवेशाच्या दिवसांत हे काम काढू नका.

जूनमध्ये शाळा उघडताना नवीन एलएमएस सुरू करावं का?

नाही. पहिल्या वर्षी तरी नाही.

सगळे म्हणतात इंटरनेट स्लो आहे. लाइन वाढवू का?

आधी फायरवॉलवरचा आठवड्याचा आलेख पाहा. लाइनचा वापर गर्दीच्या वेळीही ७० टक्क्यांच्या खाली असेल, तर लाइन वाढवून काही होणार नाही. दुखणं वाय-फायमध्ये आहे.

लाइनचा ढोबळ हिशेब असा करता येतो. विद्यार्थी आणि कर्मचारी मिळून ९०० माणसं, उपकरणं धरा १,१००. त्यांतली अर्धी एका वेळी चालू, म्हणजे ५५०. प्रत्येकाला पाऊण एमबीपीएस धरला की साधारण ४१२ होतात. मग ५०० एमबीपीएसची लीज्ड (फक्त शाळेसाठी राखीव) लाइन घ्यावी आणि जोडीला दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या रस्त्याने येणारी साधी ब्रॉडबँड. ‘दुसऱ्या रस्त्याने’ हे शब्द महत्त्वाचे. दोन कंपन्यांची फायबर एकाच चरातून येत असेल, तर जेसीबीचा एक फटका दोन्हींना पुरतो. इंजिनिअरला सोबत घेऊन खांब आणि चेंबर पायी बघत या.

वाय-फायमध्ये हमखास सापडणाऱ्या चुका म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी यंत्रं) वर्गाऐवजी कॉरिडॉरमध्ये लावलेले, चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवलेली आणि पॉवर पूर्ण सोडलेली. कॉरिडॉरमधल्या पॉइंटना एकमेकांचे आवाज स्वच्छ ऐकू येतात आणि मुलांच्या लॅपटॉपना मात्र भिंतीपलीकडून. गर्दीच्या इमारतीत ५ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवा, २.४ वर फक्त १, ६ आणि ११ हे चॅनेल वापरा आणि एक वर्ग सोडून एका पॉइंटवर २.४ बंदच करा. नेटवर्कची नावं चारच्या वर जाऊ देऊ नका.

नेटवर्कवरचे आयपी पत्ते संपणं हा आणखी एक प्रकार. साध्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका तुकड्यात) २५४ पत्ते असतात. आजचे अनेक फोन मॅक पत्ता (नेटवर्कवरची यंत्राची ओळख) बदलत राहतात आणि डीएचसीपीची लीज (दिलेला पत्ता राखून ठेवण्याची मुदत) आठ दिवसांची ठेवलेली असेल, तर एकाच मुलाचा फोन आठवड्यात तीन-तीन पत्ते अडवून बसतो. सोमवारी सगळं ठीक आणि गुरुवारी ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ असं दिसलं की इथे बघा. पाहुण्यांच्या नेटवर्कची लीज दोन तासांवर आणा, विद्यार्थ्यांना १,०२२ पत्त्यांचं सबनेट द्या.

काही अ‍ॅक्सेस पॉइंट संध्याकाळीच बंद पडतात. व्हेंडर म्हणतो पॉइंट खराब आहेत.

पॉइंट बदलण्याआधी स्विचचं पीओई बजेट (नेटवर्कच्या केबलमधून तो एकूण किती वीज देऊ शकतो) तपासा. २४ पोर्टच्या स्विचवर बरेचदा एकूण ३७० वॅट लिहिलेलं असतं. जुन्या १५.४ वॅटच्या हिशेबाने २४ पोर्ट पुरतात. नवीन वाय-फाय ६ चे पॉइंट ३० वॅटच्या वर्गात मोडतात, आणि ३७० भागिले ३० म्हणजे बारा. तेरावा पॉइंट कसाबसा चालतो, कारण दिवसा सगळे पूर्ण वीज ओढत नाहीत. त्याच स्विचवर कॅमेरे असले की अंधार पडताच त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, ओढ वाढते, आणि स्विच सगळ्यात खालच्या प्राधान्याचा पोर्ट बंद करतो. सकाळी इंजिनिअर येतो तेव्हा सगळं चालू. मग पालकसभेच्या संध्याकाळी पुन्हा तेच. उपाय दोन. कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा करा, आणि पोर्टना प्राधान्य देऊन ठेवा.

नाशिकच्या हवामानासाठी काही वेगळं करावं लागतं का?

हो, उन्हाळ्यासाठी आणि वळवाच्या पावसासाठी.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुटी असते. बिल वाचवायला कोणीतरी सर्व्हर रूमचा एसी बंद करतं. यूपीएसची सीलबंद बॅटरी २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं आयुष्य गमावते. जूनमध्ये शाळा उघडते, पहिल्याच दिवशी वीज जाते आणि अर्ध्या तासाचा यूपीएस चार मिनिटांत बसतो. सुटी लागण्यापूर्वी एसीच्या स्विचवर ‘बंद करू नये’ अशी मराठीत पाटी लावा आणि दरवर्षी मेच्या अखेरीस यूपीएस लोडवर चालवून घड्याळ लावून वेळ मोजा. जनरेटर १५ ते ३० सेकंदांत उचलतो म्हणून छोटा यूपीएस घेऊ नका. जनरेटर सुरू न होण्याचा दिवसही येतो.

वळवाच्या विजांचा मार दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलवर बसतो. प्राथमिक विंग आणि मुख्य इमारत यांच्यामध्ये कॅट-६ ओढलेली असेल, तर ती काढून फायबर टाका. कॅट-६ ची मर्यादा पॅचकॉर्डसह १०० मीटर असते हे वेगळंच. वायरमनकडून सर्व्हर रूममधला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. ३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग बघायला हवं. बाहेरच्या बॉक्सच्या केबल-छिद्रांना ग्लँड (केबलभोवतीची फट बुजवणारी कडी) लावा. पाली आत जातात, आणि मेलेली पाल स्विचचा पॉवर सप्लाय घेऊन जाते. हसू येतं, पण बिल येतं तेव्हा येत नाही.

परीक्षांच्या काळात काय सांभाळायचं?

शाळेचं कॅलेंडर मिळालं की पहिली खूण इथे करा. केंब्रिजची भारतात मार्च सीरीज असते, शिवाय जून आणि नोव्हेंबर. आयबीच्या परीक्षा मे आणि नोव्हेंबरमध्ये होतात. मेचं सत्र घेणाऱ्या शाळांत अंतर्गत मूल्यमापनाच्या फाइली मार्च-एप्रिलमध्ये चढवाव्या लागतात. एमवायपीच्या (आयबीचा सहावी ते दहावीचा टप्पा) ई-असेसमेंट परीक्षा तर पडद्यावरच असतात.

पहिल्या पेपरच्या १५ दिवस आधीपासून शेवटचा पेपर होईपर्यंत बदलबंदी ठेवा. नवीन फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) नाही, फायरवॉलचा नवीन नियम नाही, विंडोजचे अपडेटही पुढे ढकललेले. या काळात संपणारी लायसन्सं आणि वेबसाइटची सुरक्षा सर्टिफिकेटं त्याआधी नूतनीकरण करून घ्या. ही बंदी मुख्याध्यापकांच्या सहीने काढा, म्हणजे मार्केटिंगवाल्यांना वेबसाइट बदलायची घाई झाली तरी नाही म्हणण्याचा त्रास तुम्हाला होत नाही.

सवलत मिळालेला एखादा विद्यार्थी संगणकावर उत्तरं टाइप करत असतो. त्याचा लॅपटॉप वेगळा ठेवा. वाय-फाय बंद, स्पेलचेक बंद (परवानगीपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर), दर मिनिटाला आपोआप सेव्ह, आणि प्रिंटर यूएसबीने जोडलेला. नेटवर्क प्रिंटरवर दुसऱ्या कोणाचं सर्क्युलर मध्येच छापून येतं. असाच तयार केलेला एक जादा लॅपटॉप चार्ज करून खोलीबाहेर ठेवायचा.

फाइली चढवण्याची शेवटची तारीख शिक्षकांना पाच दिवस आधीची सांगा. खोटं बोलल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

पालकांना एसएमएस आणि मेल पोचत नाहीत.

एसएमएससाठी शाळेची डीएलटी नोंदणी (संस्थांच्या एसएमएससाठी दूरसंचार कंपन्यांकडे करायची नोंद) लागते. शाळेचं नाव, सहा अक्षरी हेडर (मेसेजवर पाठवणारा म्हणून दिसणारं नाव) आणि प्रत्येक मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. पाठवलेला मजकूर साच्यापासून एका स्वल्पविरामाने जरी हलला तरी मेसेज वाटेत अडतो. मेसेजमधली लिंकही आधी मंजूर यादीत हवी. मराठी एसएमएसमध्ये १६० ऐवजी ७० अक्षरं बसतात, त्याहून लांब गेला की दोन मेसेजचे पैसे.

पावसाळी सुटीचा साचा मेमध्येच मंजूर करून ठेवा. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढतो, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागतं आणि सकाळी सहाला सुटी जाहीर होते, तेव्हा साचा मंजूर करायला वेळ नसतो.

मेल स्पॅममध्ये जात असतील तर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरोखर शाळेचाच आहे हे पटवणाऱ्या) तपासा. बहुतेक वेळा फीचे मेल ईआरपीच्या सर्व्हरवरून जातात आणि तो सर्व्हर शाळेच्या एसपीएफमध्ये घातलेलाच नसतो. घालायला गेलात तर एसपीएफची दहा लुकअपची (दुसरीकडे जाऊन शोधण्याची) मर्यादा ओलांडते. मग जुन्या, बंद झालेल्या सेवांची नावं काढा.

डेटा संरक्षण कायदा शाळेला लागू होतो का?

होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, म्हणजे तुमचे बारावीचेही बहुतेक विद्यार्थी. बालकाचा डेटा घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. शिक्षण संस्थांना शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती देखरेखीची सवलत आहे, पण ती सवलत फुकट अ‍ॅपवाल्याला मुलांच्या जाहिरातींसाठी डेटा वापरू देण्याइतकी लांब जात नाही. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कामाला सुरुवात एका तक्त्याने होते. शाळेत वापरलं जाणारं प्रत्येक अ‍ॅप, कोणती इयत्ता, कोणता डेटा, कोणाच्या खात्यावरून, करार कुठे आहे, मूल शाळा सोडून गेल्यावर डेटा कोण पुसणार. हा तक्ता भरताना लक्षात येतं की शिक्षकांनी स्वतःच्या जीमेलवरून मुलांची पूर्ण नावं घालून डझनभर खाती उघडलेली आहेत. ओरडू नका. ज्यांनी ती उघडली तेच तुमचे सर्वांत उत्साही शिक्षक असतात. मंजूर अ‍ॅपची छोटी यादी द्या आणि नवीन मागणीला सात दिवसांत हो की नाही ते सांगा. महिनाभर उत्तर दिलं नाही तर ते पुन्हा जीमेलकडे वळतात.

सीसीटीव्हीसाठी किती डिस्क लागेल?

ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानंतर राज्यातल्या शाळांत कॅमेरे सक्तीचे आहेत, त्यामुळे हा प्रश्न टळत नाही. २ एमबीपीएसवर चालणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी लिहितो. ६० कॅमेरे आणि ३० दिवस धरले तर जवळपास ३९ टीबी, वर रेडची (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून लागणारी) जागा वेगळी. कोटेशनमध्ये १६ टीबी लिहून ‘महिनाभर पुरेल’ सांगणाऱ्याकडून हा गुणाकार कागदावर मागा.

एनव्हीआरचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जोडा. अकरा मिनिटं पुढे असलेल्या फुटेजवरून कोण कधी कुठे होतं ते सांगता येत नाही. कॅमेरे स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर, आत कधीच नाही. आणि पालक क्लिप मागायला आले तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. अर्ज, मुख्याध्यापकांची परवानगी, रजिस्टरमध्ये नोंद, मगच दाखवणं. फ्रेममध्ये दुसऱ्यांचीही मुलं असतात.

मुलाच्या फोनमध्ये दुसऱ्या मुलीचा आक्षेपार्ह फोटो असल्याचं कळलं. तंत्रज्ञान प्रमुख म्हणून मी काय करू?

तुमचं कौशल्य दाखवण्याची ही जागा नाही. फोटो उघडू नका, स्क्रीनशॉट घेऊ नका, ‘पुरावा’ म्हणून स्वतःच्या फोनवर किंवा मुख्याध्यापकांना पाठवू नका. बालकाचा असा फोटो बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन पाकिटात घालून वेळ आणि सह्या टाका, बालसुरक्षा अधिकारी आणि मुख्याध्यापकांना त्याच तासात सांगा. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं ही कलम २१ खाली शिक्षेची बाब आहे. ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून प्रकरण आत मिटवा असं कोणी सुचवलं, तर तुमचं म्हणणं लेखी मांडा. बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

मुलं फिल्टर ओलांडतात.

ओलांडणारच. क्विक प्रोटोकॉल (ब्राउझरची फिल्टरला नीट न दिसणारी वाट) म्हणजे यूडीपी ४४३ बंद केला, डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसचे (कोणती वेबसाइट शोधली ते लपवणारे) माहीत असलेले सर्व्हर अडवले, तर बराचसा प्रश्न सुटतो. शाळेच्या मालकीच्या लॅपटॉपवर शाळेचं डिजिटल सर्टिफिकेट टाकून एन्क्रिप्टेड पानांच्या आतलं तपासता येतं. मुलांच्या स्वतःच्या फोनवर ते करू नका. खिशातला मोबाइल डेटा कोणताच फायरवॉल अडवत नाही. तिथे वर्गाचा नियम आणि वर्गशिक्षिका.

एआयचं काय करायचं?

आयबीने २०२३ मध्येच सांगितलं की ते बंदी घालणार नाहीत; वापरलं असेल तर संदर्भ द्यायला हवा. एआय ओळखणाऱ्या साधनांच्या टक्केवारीवर कोणाला दोषी धरू नका. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या मुलाची सरळ, ठरीव वाक्यं त्यांना यंत्राची वाटू शकतात. त्यापेक्षा डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्ट्री (कधी काय लिहिलं याची नोंद) बघायला शिक्षकांना शिकवा आणि पाच मिनिटं तोंडी विचारायला सांगा. शिक्षकांसाठी नियम जास्त कडक हवा. मुलाचं नाव असलेला रिपोर्ट फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवायचा नाही.

शिक्षक वापरतच नाहीत. ट्रेनिंग घेऊ का?

शनिवारी हॉलमध्ये ८० जणांचं ट्रेनिंग म्हणजे चहा-समोसे आणि हजेरी. त्याऐवजी एका शिक्षिकेच्या मोकळ्या तासाला तिच्याच वर्गात, तिच्याच पॅनलवर १५ मिनिटं, एकच गोष्ट. आणि आधी तक्रारींची नोंद ठेवा. तीन आठवडे प्रत्येक फोन, प्रत्येक ‘सर, जरा येता का’ लिहून काढा. अर्ध्याहून जास्त तक्रारी दोन-तीन कारणांवर येऊन थांबतात.

त्यांतलं एक ठरलेलं कारण सांगतो. साडेतीनला मावशी वर्ग बंद करतात आणि सवयीने मेन पाडतात. पॅनल तेव्हा अपडेट घेत असतं. सकाळी ते काळ्या पडद्यावर अडकतं आणि शिक्षिका म्हणते, हे रोजचंच आहे. मावशींना दोष देऊ नका, वीज वाचवा हे त्यांना शाळेनेच सांगितलंय. पॅनल आणि अ‍ॅक्सेस पॉइंटचं सर्किट वेगळं करा. तोवर त्या स्विचवर लाल पट्टी चिकटवा आणि का ते मावशींना दाखवा.

बजेट कधी आणि कसं मांडायचं?

दिवाळीनंतर लगेच. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो आणि ठरलेली फी दोन वर्षं बांधील असते. मध्येच ‘टेक्नॉलॉजी फी’ लावून लॅपटॉप घेऊ, असं ट्रस्टींना सुचवू नका.

शालेय शिक्षण जीएसटीमुक्त असल्याने खरेदीवरचा कर परत मिळत नाही. ६०,००० रुपयांचा लॅपटॉप १८ टक्क्यांसह ७०,८०० ला पडतो. २०० लॅपटॉप पाच वर्षांच्या चक्रात फिरवायचे तर दरवर्षी ४०, म्हणजे २८ लाख ३२ हजार. हा आकडा दरवर्षी सारखा दिसला की ट्रस्टींचा विश्वास बसतो. चार वर्षं शून्य आणि पाचव्या वर्षी दीड कोटी दिसला की कोणाचाच बसत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीची बहुतेक यंत्रं ११ वर जात नाहीत. लॅब मोजताना हे आधी मोजा.

व्हेंडर नाशिकचा घ्यावा की मुंबई-पुण्याचा?

स्विच, केबल, यूपीएस, कॅमेरे नाशिकचे. कसारा घाट अडला की मुंबईचा इंजिनिअरही अडतो. करारात ‘चार तासांत प्रतिसाद’ लिहिलेलं असतं. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं. तुम्हाला हवंय ते दुरुस्तीचं किंवा बदली यंत्राचं वचन. तसं लिहून घ्या आणि बिलाचे शेवटचे १० टक्के पैसे काम पूर्ण झाल्यावरच द्या.

रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर पहिला तास?

नेटवर्कची केबल काढा, यंत्र बंद करू नका. बॅकअपचं यंत्र सगळ्यात आधी नेटवर्कपासून तोडा. अ‍ॅडमिन पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ लॅपटॉपवरून बदला. सर्ट-इनला (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला) सहा तासांत कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे. लॉग (यंत्रांतल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवणंही. फायरवॉलच्या पोटात काही दिवसांचेच मावतात, म्हणून लॉग साठवणारा वेगळा सिसलॉग सर्व्हर लागतो. जुना डेस्कटॉप आणि मोठी डिस्क पुरते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. आणि बॅकअप आहे म्हणून निश्चिंत राहू नका. प्रत्येक सत्रात एक फोल्डर खरोखर परत आणून, उघडून बघा.

सिंहस्थाच्या वर्षी काय?

सिंहस्थ २०२७ चा आहे आणि मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पहिल्या सत्रात. पंचवटी, तपोवन, त्र्यंबक रोड या बाजूने येणाऱ्या बस त्या दिवसांत वेळेवर येतील असं धरू नका. त्याआधी रस्त्यांची कामं निघतात आणि फायबर तुटते, तेव्हा दुसऱ्या लाइनची चाचणी दर पंधरवड्याला, मुख्य लाइन खरोखर काढून करा. गर्दीच्या भागात मोबाइल नेटवर्क तुंबतं, म्हणून पर्यायी लाइन म्हणून सिमवर चालणारा राउटर धरू नका.

ऑनलाइन तासांची तालीम जुलैमध्ये एका शनिवारी घ्या, लहान वर्गांसाठी छापील कामाचं पाकीट तयार ठेवा. बसचं जीपीएस कोणत्या कंपनीच्या सिमवर चालतं ते ट्रान्सपोर्टवाल्या दादांना विचारा. दोन सिमचं यंत्र बसवून घ्यायला अजून वेळ आहे. जून उजाडल्यावर मेकॅनिक मिळत नाही.